वरच्याच्या हातात

विहिरीच्या कामात माणसाला दोनच जागा. एक वर, रहाटापाशी. दुसरी खाली, खडकापाशी. रहाटावर असतो तो वरचा आणि खडकावर असतो तो खालचा. त्या घरात थोरला वरचा होता, धाकटा खालचा. हे कुणी ठरवलं असं विचारलं की त्यांचा म्हातारा बाप एक बोट आभाळाकडे करायचा. "त्या वरच्यानं," म्हणायचा. मग त्याला खोकल्याची उबळ यायची आणि विषय तिथंच बुडायचा.

खरं तर ठरवलं होतं म्हाताऱ्यानंच. पोरं लहान असताना एका अरुंद विहिरीत छिन्नी पडली होती आणि धाकटा अंगानं हलका होता. दोर त्याच्या कंबरेला बांधला, झालं. तो दोर मग सुटलाच नाही. थोरल्याची बायको, जिला घरात थोरलीच म्हणत, लग्न होऊन आली तेव्हा तिलाही कुणी काही विचारलं नाही. रहाटाला दोन दांडे होते. एकावर नवरा होता, दुसरा मोकळा होता. तिनं तो धरला.

आता तिच्या तळहातांना घट्टे होते, नवऱ्याच्या घट्ट्यांच्या अगदी समोरासमोर. दोघांनी हात जोडले असते तर दगडावर दगड बसावा तसे बसले असते. पण हात जोडायला सवड कुणाला होती?

त्या वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला होता. आधी पाणवठे आटले, मग नदीच्या पात्रात गाढवं लोळायला लागली, मग विहिरींचे तळ दिसले. दुसऱ्यांच्या घशाला कोरड पडली की विहीरवाल्यांच्या चुली पेटतात, आणि थोरलीला या गोष्टीची मनातून लाज वाटायची. देवाकडे पाऊस मागावा तर घरचं काम जातं, न मागावा तर जग मरतं. ती रोज हात जोडायची आणि काहीच न मागता परत यायची.

काम लागलं होतं बागवाल्याच्या विहिरीवर. बाग मोठी, झाडं हयातभर जोपासलेली, आणि पानं अशी गळत होती की बागवाला कुणाशी बोलताना समोरच्याकडे बघायचाच नाही, नजर सारखी फांद्यांवर. विहीर आधीच खोल होती, ती आणखी खोल करायची होती. धाकटा सकाळी उतरायचा. घणाचा आवाज खालून यायचा, जमिनीच्या पोटात कुणी दार ठोठावतंय असा. मग बादली भरायची आणि हाक यायची, "ओढ."

खालच्याच्या तोंडी दोनच शब्द असायचे. बादली वर घ्यायची तर 'ओढ'. दोर सैल हवा तर 'दे'. 'सोड' हा शब्द खाली उच्चारायचा नाही. खोल विहिरीत हाक कपारींवर आपटत वर येते, येता येता तिचं तोंड झिजतं, आणि 'सोड'मधला 'स' वाटेतच गळून जातो. वर ऐकू येते ती 'ओढ'च. धाकटा लहानपणी एकदा चुकून तसं बोलला होता. म्हाताऱ्यानं त्याला वर काढलं, अंगावरचा चिखल पुसला आणि एक थोबाडीत ठेवून दिली. पुन्हा तो शब्द त्याच्या तोंडून आला नाही.

वर मात्र 'सोड' दिवसभर चालायचं. पकड बदलायची, थोरला म्हणायचा, "सोड." घाम पुसायचा, "सोड जरा." थोरलीच्या कानाला तो शब्द इतका ओळखीचा झाला होता की तो म्हणायच्या आधीच तिची बोटं सैल व्हायची.

एके दुपारी शहरातून एक बाई आली. छत्री, पायात बूट, हातात मोबाइल. बागवाल्याची परवानगी काढून ती विहिरीपाशी आली. कुठल्या घरात पिढ्यान् पिढ्या काय काम चालतं, याची पाहणी करत ती गावोगाव फिरत होती. धाकटा तेव्हा नुकताच वर आला होता, डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं लिंपलेला, नुसते डोळे आणि दात तेवढे दिसत होते.

"तुमचे वडील काय करायचे?"

"विहिरी."

"आजोबा?"

"विहिरी."

"आणि तुम्ही?"

"मी गवई," धाकटा म्हणाला.

थोरलीला हसू आवरेना. बाईही हसली, आणि कठड्यावर बूड टेकून बसली. पाणी मागितलं नाही, स्वतःच्या बाटलीतलं धाकट्यालाच देऊ केलं. चांगली होती बिचारी. म्हणाली, "एवढी घरं विचारली, पण बहुतेक ठिकाणी असंच निघतं. बापाचा धंदा मुलाला, मुलाचा त्याच्या मुलाला."

"म्हणजे ठरलेलंच असतं आमचं?"

"ठरलेलं असं नाही म्हणता येणार. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे सगळे नाहीत."

"सगळे नाहीत."

"मग जे उरतात, ते कसे सुटतात?"

बाईनं छत्रीचं टोक मातीत फिरवलं. "ते नीट कळलं असतं तर मी एवढ्या उन्हात फिरले नसते," ती म्हणाली.

ती गेली, पण तिचा तो शब्द राहिला. धाकटा उरलेला दिवस खाली घण मारताना मध्येच थांबायचा. थोरला वरून ओरडायचा, "काय रे, झोपलास?" आणि खालून यायचं, "बहुतेक."

संध्याकाळी अंगणात तिघं लोटाभर पाण्यात हातपाय धुवत होते. दिवसभर पाणी शोधायचं आणि घरी लोट्यानं मोजून वापरायचं, अशी तऱ्हा. धाकटा घोट्यावरचा चिखल नखानं काढत म्हणाला, "दादा, रंगवाल्यांची टोळी आलीय. उंच टाक्या, पूल रंगवतात. मला घेतो म्हणालेत."

"तिथंही दोरालाच लटकायचं ना?"

"हो. पण वर."

"खाली मान घालून काम करायची सवय तुला. वर चक्कर येईल."

"येऊ दे. एकदा चक्कर तर येऊ दे वरून."

थोरल्यानं लोटा खाली ठेवला. "आणि इथं?"

"ही विहीर पुरी करतो. मग जातो."

"पुढच्या विहिरीत कोण उतरणार?"

"तू."

थोरला हसला, पण ते हसू ओठांच्या कडेलाच सुकलं. दाराशी बसलेला म्हातारा खाकरला. "ज्याला जी जागा दिलीय त्यानं ती सांभाळावी. खालच्याला खाली, वरच्याला वर."

"कुणी दिली, बाबा?"

म्हाताऱ्याचं बोट वर गेलं.

"दोर बांधला तेव्हा तो मला नाही दिसला," धाकटा म्हणाला. "तुम्हीच दिसलात."

थोरलीनं उगाचच भांडी हलवली. म्हाताऱ्याचं बोट तसंच हवेत राहिलं होतं, आता ते खाली कसं आणावं हे त्याला सुचत नव्हतं. तिला त्याची दया आली. ती म्हणाली, "बाबा, तुमचं ते म्हणा ना." आणि त्यानं सुटकेनं डोळे मिटले आणि फाटक्या आवाजात रोजचं म्हणायला लागला:

*दोर तुझ्या हाती देवा, मी रे रिती घागर,*
*तूच सोडिशी खाली, तूच काढिशी वर.*

गळा फाटका असला तरी भाव असा होता की ऐकणाऱ्याचं अंग सैल पडावं. थोरलीचे डोळे रोज भरायचे. त्या दिवशीही भरले. पण मनात एक वाकडा विचार आलाच की घागरीला कुणी विचारतं का.

गाणं संपल्यावर थोरला म्हणाला, "उद्या मी उतरतो."

"थट्टा केली रे मी, दादा."

"तू म्हणालास ना, कुणी ठरवलं? कुणीच नाही ठरवलं. उद्या मी खाली, तू वर. एक दिवस बदलून तर बघू. आणि नंतर मला उतरावंच लागणार असेल तर सवय नको व्हायला?"

"शब्दांचं तेवढं सांभाळ," म्हातारा म्हणाला.

"माहीत आहे, बाबा. मी काय आज आलोय या धंद्यात?"

सकाळी ऊन चढायच्या आत धाकट्यानं स्वतः भावाच्या कंबरेला दोर बांधला. गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. थोरलीनं रहाटाच्या दांड्याला फडकं गुंडाळलं. समोरच्या दांड्यावर आज दीर होता. तो पायाची जागा शोधत होता, नव्या घरात आलेल्या माणसासारखा.

"वजनदार आहेस हं, दादा," तो वाकून म्हणाला. "वहिनी सगळं तुलाच वाढते वाटतं."

"तोंड बंद ठेव आणि हात चालू."

दोर उलगडत गेला. थोरल्याचं डोकं लहान होत गेलं. अर्ध्यावर त्यानं वर पाहिलं आणि थोरलीला नवऱ्याचा चेहरा दिसला, तोंड थोडं उघडं, डोळे विस्फारलेले. इतकी वर्षं या माणसानं भावाला रोज इथून खाली सोडलं होतं, आणि खालून वर कसं दिसतं ते त्याला आत्ता कळत होतं. ती हसली, त्याला धीर यावा म्हणून. त्याला ते दिसलं की नाही कोण जाणे.

सकाळ नीट गेली. घणाचे घाव कमी पडत होते, बादल्या उशिरानं भरत होत्या, पण "ओढ" बरोबर येत होतं. धाकटा खुशीत होता. त्याला वारा लागत होता. म्हणाला, "वहिनी, इथून झाडांचे शेंडे दिसतात."

"रोजच दिसतात."

"तुला रोज. मला आज."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक भरलेली बादली कपारीखाली अडकली. दोर ताठला, रहाट करकरला आणि थांबला. दोघांनी दांडे धरून ठेवले. खालून हाक आली.

थोरलीनं ती ऐकली. भिंतींवर आपटून झिजलेली, सुरुवात गळालेली. धाकट्याच्या कानाला ती 'ओढ' होती, दुसरं काही ऐकायची त्या कानाला सवयच नव्हती. पण तिला नवऱ्याचा आवाज ठाऊक होता. 'ओढ' म्हणताना तो उचलला जायचा. 'सोड' म्हणताना शेवटाला खाली बसायचा, ओझं जमिनीवर ठेवल्यासारखा. खालून आला तो बसणारा आवाज होता.

तिला कळलं. कळणं आणि हात यांच्यामध्ये इवलीशी जागा होती. तिथं ती पाय रोवू शकली असती, दांडा अडवू शकली असती, नुसतं "थांब" म्हणू शकली असती. धाकट्यानं अंगाचा भार टाकला, रहाट फिरला, आणि दांड्याबरोबर तिचे हात गेले, जसे रोज जायचे.

कपारीचा दगड निखळला. आवाज मोठा झाला नाही. त्यानंतरचा आवाज मात्र थोरलीच्या कानात पुढं कायमचा राहिला.

थोरल्याचा एक पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा थोरला भिंतीकडे तोंड करून पडला. माणसं येत होती, बसत होती, तेच म्हणत होती. नशिबात होतं. घडायचं ते घडलं. जिवावरचं पायावर गेलं. प्रत्येक जण प्रेमानं म्हणायचा, आणि थोरलीला ते ऐकून खरोखर बरं वाटायचं, तापल्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवावी तसं. मग लगेच त्या बरं वाटण्याचाच राग यायचा.

धाकटा अंगणात बसून असायचा. जेवायला हाक मारावी लागायची. म्हातारा एकदा काठी टेकत त्याच्यापाशी गेला आणि पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. वरच्यानं केलं."

धाकट्यानं मान वर केली. "वरचा मीच होतो, बाबा."

म्हाताऱ्याचं बोट त्या दिवशी उठलं नाही. तो तिथंच खाली बसला. संध्याकाळ झाली तरी त्यानं ते रोजचं गाणं म्हटलं नाही.

मग बागवाला आला. दारातच उभा राहिला, थोरल्याच्या पायाकडे पाहिलं आणि नजर छपराकडे फिरवली, जणू तिथंही पानं होती. "वाईट झालं," म्हणाला. "पण झाडं थांबत नाहीत हो. तुमच्याच्यानं होणार असेल तर सांगा. नाहीतर मी यंत्र बोलावतो. मग पुढंही यंत्रच बोलवावं लागेल, बाकीच्यांनाही."

"उद्यापासून उतरतो," धाकटा अंगणातून म्हणाला.

बागवाला गेल्यावर थोरली परसात कपडे दोरीवर टाकत होती तिथं धाकटा आला. दोन्ही हात मागं धरलेले. लहानपणी मार खायला असाच उभा राहात असेल, तिला वाटलं.

"रंगवाले उद्या सकाळी निघतायत," तो म्हणाला.

"मग?"

"मी नाही जात. दादाची जागा आता मला भरायची. जन्मभर." तो एक पाऊल पुढं आला. "पण एक सांग, वहिनी. बादली अडकली की खालचा 'दे' मागतो, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? तरी मी ओढली. तो 'ओढ' म्हणाला म्हणून ओढली, की आदल्या दिवशीचं माझ्या मनात होतं म्हणून? त्याला एकदा खालची चव कळू दे असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. आता माझं मलाच कळत नाही. दादाला विचारायची छाती होत नाही. तू दुसऱ्या दांड्यावर होतीस. काय ऐकलंस?"

थोरलीच्या हातात ओला सदरा होता. नवऱ्याचाच. तिनं तो पिळला, आधीच पिळून झालेला.

ती भोळी होती पण खुळी नव्हती. 'सोड' म्हटलं तर हा कायमचा राहील. विहीर पुरी होईल, पुढच्याही होतील, चूल पेटेल, म्हाताऱ्याचं औषध येईल. हा रोज खाली उतरेल आणि रोज तो शब्द ऐकेल. आणि 'सोड' हेच तर खरं होतं. खरं बोलण्यात पाप कुठलं? 'ओढ' म्हटलं तर हा सुटेल. आणि मग घरात राहतील एक पाय गेलेला, एक खोकणारा आणि ती.

तिला एकदम उमगलं की आपण रहाटापाशी उभ्या आहोत. खाली माणूस लटकतोय आणि दांडा एकटीच्या हातात आहे. तिनं मनात देवाला हाक मारली. देवा, तू सांग. देव काही बोलला नाही. पण तो गप्प राहिला त्यात कठोरपणा नव्हता. मुलीच्या हाती पहिल्यांदा दिवा देऊन बाप मागं सरकतो, तसं तिला वाटलं.

"ओढ म्हणाला," ती म्हणाली.

"नक्की?"

"स्वच्छ ऐकलं. माझा नवरा आहे, मला आवाज कळत नाही का?"

धाकटा उभ्या जागी खाली बसला आणि रडला, आवाज न करता. मग नाक पुसून म्हणाला, "तरी मी राहतो. तुमचं कसं होणार?"

"रंगवाल्यांबरोबर जा," ती म्हणाली. "आमचं आम्ही बघू. आणि टाकीवर चढल्यावर खाली बघू नकोस. चक्कर येते म्हणे."

सकाळी तो गेला. म्हाताऱ्याच्या पाया पडला. थोरल्याच्या उशाशी बराच वेळ बसला, थोरल्यानं त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा भिंतीकडे वळला. पावलांचा आवाज रस्त्याला लागून विरला तेव्हा भिंतीकडूनच तो म्हणाला, "मी 'सोड' म्हटलं होतं."

"माहीत आहे."

"त्याला काय सांगितलंस?"

"'ओढ' म्हणालात, असं."

"म्हणजे माझा पाय माझ्याच तोंडानं गेला."

"त्या दांड्यावर मीही होते," थोरली म्हणाली. "मला 'सोड' ऐकू आलं होतं. माझेही हात थांबले नाहीत."

थोरला वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्यात माया नव्हती, क्षमाही नव्हती. नुसतं पाहिलं. मग कोरडेपणानं म्हणाला, "त्यालाही घालवलंस. आता खायचं काय?"

तिनं कोपऱ्यातून दोराचं भेंडोळं काढलं आणि खांद्यावर टाकलं.

बागवाल्यानं गडी लावून थोरल्याला बैलगाडीतून विहिरीवर आणलं आणि रहाटापाशी चौरंगावर बसवलं. दुसऱ्या दांड्यावर म्हातारा. दोघं मिळून एका धड माणसाएवढे भरले असते. बागेतली माणसं लांबून बघत होती, एक जण हसलाही. थोरलीनं डोक्याचं फडकं आवळलं आणि दोर स्वतःच्या कंबरेला स्वतः बांधला.

"सूनबाई," म्हातारा म्हणाला, "तुला कुणी सांगितलं उतरायला?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय, बाबा. सावकाश सोडा."

ती खाली जाऊ लागली. भिंती ओल्या होत्या. ऊन वर राहिलं. मग कपार आली. दगड निखळला होता तिथं धार अजून ताजी होती. तिनं त्यावर तळहात टेकला आणि तेवढ्यात तिचा पाय एका बेचक्यात अडकला. हिसका बसताच वर दोघांनी दोर ताणून धरला, तो पोटात रुतला, तिला श्वास घेता येईना. वर दोन डोकी वाकली होती, तोंडं काळोखी, कोणतं कुणाचं ते कळत नव्हतं.

"काय हवंय?" वरून आवाज आला.

तिच्या जिभेवर तोच शब्द आला. इतकी वर्षं वर घालवलेल्या माणसाच्या जिभेवर दुसरा कुठला येणार? 'सो' ओठांपर्यंत पोचला होता. तिनं तो दातांत धरला. पोटात दोर रुतत होता, डोळ्यांपुढं लाल होत होतं. तरी तिनं तो गिळला आणि वर तोंड करून म्हणाली,

"दे."

क्षणभर काहीच झालं नाही. मग दोर सैल झाला.